उंचीला मनाई, खोलीला नाही

सन १९९०. इंग्लंडच्या मध्यावर, स्टॅफर्डशायरमध्ये, एका दगडी वाड्याच्या पटांगणात तुम्ही उभे आहात. वाड्याचे मनोरे शाबूत आहेत, पण आतल्या कित्येक दालनांना छप्पर नाही. खिडकीतून आत डोकावलं तर वर थेट आभाळ दिसतं. हा श्रूझबरीच्या अर्ल घराण्याचा ऑल्टन टॉवर्स. १९२४ साली जहागीर विकली गेली, दुसऱ्या महायुद्धात इथे लष्करी अधिकारी तयार करण्यात आले. शेजारच्या उतारावरच्या बागा मात्र टिकून आहेत. पंधराव्या अर्लने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या वसवायला घेतल्या. तळ्यातला चिनी धाटणीचा मनोरा, त्याच्या शेंड्यावरून उडणारं कारंजं, काचेची घुमटघरं आणि सगळ्यांच्या भोवती दाट, जुनी झाडी.

या झाडीकडे नीट पाहून घ्या, पुढची सगळी कथा तिच्यामुळे घडणार आहे.

१९८०मध्ये इथल्या मनोरंजन पार्कमध्ये कॉर्कस्क्रू नावाचा रोलर कोस्टर आला. तो प्रवाशांना दोनदा उलटं करायचा आणि त्या काळी तेवढ्यावर माणसांचे लोंढे यायचे. आता दहा वर्षं झाली आहेत, पार्क नुकतंच तुसाँ समूहाकडे गेलं आहे आणि नव्या मालकांना पुन्हा तसंच काहीतरी जबरदस्त हवं आहे. अडचण एकच. नियोजन खात्याची अट आहे की झाडांच्या शेंड्यांच्या वर काहीही डोकावता कामा नये. ऐतिहासिक वाडा, बागा आणि खोऱ्यातली गावं, कुणाच्याच नजरेत लोखंड खुपायला नको.

ही अट किती जाचक आहे हे कळायला कोस्टरचा हिशेब ठाऊक हवा. गाडीला इंजिन नसतं. साखळी तिला एकदा वर ओढून नेते आणि तिथून पुढे जे काही घडतं ते त्या चढावर साठवलेल्या ऊर्जेवर. प्रत्येक वळण, प्रत्येक कोलांटी आणि हवेचं घर्षण त्यातून आपापला वाटा उचलतं. चढ लहान तर ऊर्जा कमी. म्हणून जगभरचे पार्कवाले एकमेकांपेक्षा उंच बांधायला धडपडत असतात.

पटांगणात नकाशा घेऊन उभे आहेत ते जॉन वॉर्डली. रंगभूमी आणि दृश्यचमत्कारांच्या कामातून ते या क्षेत्रात आलेले. लंडनजवळच्या चेसिंग्टनमध्ये त्यांनी आताच व्हॅम्पायर नावाचा कोस्टर उभा केला आहे. त्यात डबे रुळाखाली लटकतात आणि वळणावर दोन्ही बाजूंना हेलकावतात. इथल्या कामाला गुप्त शस्त्र असं टोपणनाव पडलं आहे. आधी विचार झाला तो अमेरिकेतल्या ॲरो कंपनीच्या पाइपलाइन कोस्टरचा, ज्यात गाडी दोन रुळांच्या मधोमध, नळीतून गेल्यासारखी धावते. वॉर्डली त्या नमुन्यात बसून आले. तो त्यांना मंद आणि कंटाळवाणा वाटला, आणि तो बेत त्यांनी बाजूला ठेवला. मला हा नकार फार मोलाचा वाटतो. मालक घाई करत असताना, कागदावर सगळं जमलेलं असताना, स्वतः बसून बघून ‘नाही’ म्हणणं सोपं नसतं.

आता दोन वर्षं पुढे या, आणि अटलांटिकपलीकडे. ९ मे १९९२, शिकागोच्या उत्तरेला गर्नी गाव, सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अमेरिका पार्क. इथले सरव्यवस्थापक जिम विन्ट्रोड यांच्या कल्पनेतून आलेला बॅटमॅन: द राइड आज लोकांसाठी खुला होतो आहे. हा जगातला पहिला इन्व्हर्टेड कोस्टर. याची आसनंही रुळाखालीच लटकतात, पण ती हेलकावत नाहीत. व्हॅम्पायरसारख्या झुलत्या डब्यांना कोलांटी घेता येत नाही. इथे आसन रुळाला घट्ट जखडलेलं असल्यामुळे रूळ जिथे वळेल, पिळेल, उलटेल तिथे माणूसही तसाच जातो. खाली फरशी नाही, बाजूला भिंत नाही, पाय मोकळे.

हे ज्यांनी घडवलं ते वॉल्टर बॉलिगर आणि क्लोद माबियार स्वित्झर्लंडच्या मोंते गावचे. दोघं जोवानोला या कारखान्यात होते. तिथून बाहेर पडून १९८८मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. म्युनिकच्या व्हेर्नर श्टेंगेल यांच्या कार्यालयाची गणितं त्यांच्या पाठीशी आहेत. श्टेंगेल यांचा आग्रह असा की गाडी आपल्या लांबीच्या अक्षाभोवती पिळते तेव्हा ती रुळाभोवती नव्हे, प्रवाशाच्या हृदयाभोवती पिळावी. हृदय जवळपास एका रेषेत सरकत राहतं आणि डोकं व पाय त्याच्याभोवती फिरतात. त्यामुळे मानेला हिसका बसत नाही. तुमच्यापैकी कुणी खोपोलीच्या इमॅजिकात नायट्रोवर बसलं असेल तर या स्विस मंडळींचं काम त्यांनी अंगावर घेतलेलं आहे. नायट्रो २०१३चा, म्हणजे गर्नीतल्या या दिवसापासून तो अजून एकवीस वर्षं दूर आहे. शिवाय तिथे फरशी नसली तरी रूळ पायाखाली दिसतो. इथे रूळ डोक्यावर आहे आणि पायांखाली जे असेल ते असेल.

वॉर्डलींना ‘काय’ बांधायचं ते मिळालं. ‘कुठे’ हा प्रश्न तसाच होता, कारण बॅटमॅनचा चढ सुमारे तीस मीटर उंच आहे आणि ऑल्टनच्या झाडांना तो चालणार नाही.

उत्तर पाहायला १९९३मध्ये परत स्टॅफर्डशायरला चला. चिखलाने बूट भरतील, भरू द्या. बागांच्या पल्याड, पार्कच्या एका टोकाला, जमिनीत खड्डा पडतो आहे. खड्डा म्हणणंही अपुरं आहे, ही हाताने घडवलेली दरी आहे. यंत्रं खडक फोडतायत, डंपर चढ चढून बाहेर पडतायत, उघड्या पडलेल्या कातळावरून पाणी निथळतंय. गुरुत्वाकर्षणाला झाडांच्या शेंड्यांशी काही देणंघेणं नाही. त्याला फक्त वरच्या आणि खालच्या बिंदूंमधलं अंतर कळतं. वरचा बिंदू उचलायला मनाई असेल तर खालचा खणून काढायचा. नियोजन खात्याच्या अटीत उंचीबद्दल लिहिलं होतं, खोलीबद्दल नाही.

या कोस्टरचे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. उंची १३ मीटर, घसरण ३१.७ मीटर. उंचीपेक्षा घसरण दुपटीहून जास्त! बाहेरून पाहणाऱ्याला चार मजली घराएवढंही काही दिसणार नाही, आणि बसणारा दहा मजल्यांएवढा खाली जाईल.

त्या दरीत उभं राहून पोलादाचे खांब रोवले जाताना पाहण्यात एक वेगळी मौज आहे. सपाट मैदानावर कोस्टर बांधला तर आधी रूळ आखतात आणि मग त्याला खांब देतात. इथे जमीन आणि रूळ एकमेकांना विचारून आकार घेतायत. इथे कडा राहू दे म्हणजे पाय त्याच्या जवळून जातील, इथे बोगदा हवा, इथे रांगेची वाट रुळाखालून काढू. सजावटीची गोष्टही याच खड्ड्याने सुचवली. खोदताना जमिनीत दडलेला परग्रहावरचा एक भयंकर प्राणी जागा झाला आणि त्याला पोलादाच्या वेटोळ्यांनी जखडून ठेवलं, अशी ती कथा. नाव नेमेसिस, ग्रीकांची सूडदेवता.

आणि आता तो दिवस. शनिवार, १९ मार्च १९९४.

गाडीतळापासून प्रवेशद्वारापर्यंत तुम्ही मोनोरेलने येता. हे डबे १९८६च्या व्हँकुव्हरच्या जागतिक प्रदर्शनात धावलेले, तिथून विकत आणलेले. आत शिरल्यावर रोपवेत बसा. चालत गेलात तरी पोचाल, पण रोपवे बागांवरून जातो, आणि आज जे बघायचं आहे त्याचं अर्धं कारण त्या बागा आहेत. खाली चिनी मनोरा, काचेचे घुमट, मार्चमधली अजून न फुटलेली झाडं. वारा बोचरा आहे. पाळण्यात समोर बसलेली पोरं अखंड बोलतायत. कुणाच्या हातात मोबाइल नाही. कुणी या राइडचा व्हिडिओ आधी शंभरदा पाहून आलेलं नाही. पहिल्या घसरणीपासून शेवटच्या वळणापर्यंत काय घडणार हे या रांगेतल्या जवळजवळ कुणालाच माहीत नाही. आपल्या काळातून आलेल्या माणसाला याचा हेवा वाटतो.

उतरा. या भागाला आता निषिद्ध दरी असं नाव दिलंय. तुम्ही कोस्टर शोधायला मान वर करता आणि वर काहीच नाही. कठड्याशी या, खाली बघा. कातळाच्या कुशीत पांढरट रुळाची वेटोळी पसरली आहेत, तळाशी रक्तासारखं लाल पाणी वाहतंय, धबधबेही लालच. आणि स्टेशनवर पाय रोवून तो प्राणी बसला आहे. तेवढ्यात खोल कुठूनतरी घरघर उठते. हे रूळ पोकळ पोलादी पेट्यांचे असल्यामुळे गाडी धावली की अख्खा सांगाडा घुमतो. घरघर वाढून गर्जना होते, आठ रांगांमध्ये चार-चार असे बत्तीस जण पाय पसरून तुमच्यासमोरून उलटे जातात, आणि त्यांच्या किंकाळ्या ते गेल्यावर तुमच्यापर्यंत पोचतात.

रांग हळू सरकते, पण कंटाळा येत नाही. वाट खडकांतून, रुळांखालून, पुलांवरून फिरते, आणि दर काही क्षणांनी गाडी अशी जवळून जाते की लोक नकळत खाली वाकतात. रांग ही राइडच्या आधीची शिक्षा न राहता राइडचाच पहिला अंक झाली आहे. वॉर्डलींच्या रंगभूमीवरच्या दिवसांची छाप मला सगळ्यात जास्त इथे दिसते.

पुढच्या रांगेतली जागा मागून घ्या. खांद्यांवरून कडक कवच खाली येतं, त्याचा पट्टा कमरेशी अडकतो. कर्मचारी प्रत्येक कवच ओढून पाहतो. बूट घट्ट बांधलेत ना? स्टेशनची फरशी तुमच्या पायांखालून निघून जाते आणि साखळी गाडी पकडते.

चढ लवकर संपतो. एरवी भीती साठवायला लांबलचक चढ मिळतो, इथे मनाची तयारी व्हायच्या आतच तुम्ही माथ्यावर असता. क्षणभर झाडांच्या शेंड्यांच्या बरोबरीने दूरवरचं खोरं दिसतं. गाडी वळणावळणाने खाली घसरू लागते, समोर रूळ नाही, रूळ डोक्याच्या वर आहे, समोर फक्त हवा. वेग येतो आणि लगेच पहिला कॉर्कस्क्रू, म्हणजे स्क्रूसारखी पिळलेली कोलांटी, तुम्हाला उलटं करतो. पाय आभाळाकडे जातात. आपले बूट आणि त्यांच्या पलीकडे ढग असं दृश्य आयुष्यात प्रथमच दिसतं.

सावरायला वेळ नाही. गाडी उतरत्या वर्तुळात शिरते. एकीकडे कातळ, खाली लाल पाणी, आणि शरीरावर दाब चढत जातो. या राइडवर दाब साडेतीन जीपर्यंत पोचतो, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचा भार आसनावर दोनशे पंचेचाळीस किलोसारखा पडतो. पाय जड होऊन खाली ओढले जातात, गाल ओघळतात, पोटऱ्यांत मुंग्या येतात. वळण संपेल असं वाटतं तरी ते वळतच राहतं. वेग आता ताशी ८० किलोमीटरच्या आसपास आहे. महामार्गावर हा वेग कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे लटकत्या पायांजवळून दगड जात असल्यामुळे तोच वेग दुप्पट वाटतो. उघड्या मैदानात हे जमलं नसतं. डोळ्याला वेग कळतो तो जवळच्या वस्तूंमुळे, आणि या दरीने त्या वस्तू अगदी हाताशी आणून ठेवल्या आहेत.

मग अचानक सगळा भार नाहीसा होतो. गाडी एका उंचवट्यावरून जाता जाता पूर्ण तीनशे साठ अंश पिळते, आणि माथ्यावर तुम्हाला वजनच उरत नाही. याला शून्य-जी रोल म्हणतात. हृदयाभोवती फिरवण्याचा श्टेंगेल यांचा आग्रह इथे कळतो. जग तुमच्याभोवती फिरतं, तुम्ही मात्र मधोमध तरंगत राहता. दाबाच्या वर्तुळानंतर लगेच हे तरंगणं ठेवणाऱ्याला लयीची जाण आहे. नुसता दाब थकवतो आणि नुसतं तरंगणं विसरलं जातं. एकामागोमाग एक आली की दोन्ही अंगात उतरतात.

पुढे उंच, कललेलं वळण. गाडी किंचित रेंगाळते, जणू थांबेल. आणि तिथून सरळ लूपमध्ये.

लूपकडे जरा लक्ष द्या. साध्या कोस्टरच्या लूपमध्ये गाडी रुळाच्या आतल्या बाजूने फिरते. इथे रूळ डोक्यावर असल्यामुळे तुम्ही वर्तुळाच्या बाहेरच्या बाजूने फिरता. डोकं केंद्राकडे आणि पाय बाहेरच्या जगाकडे. माथ्यावर पाय आभाळात भिरकावलेले असतात आणि त्यांच्यापुढे काहीच नसतं. तरी तुम्ही कवचावर लोंबकळत नाही, आसनातच दाबलेले राहता, पाण्याने भरलेली बादली जोरात गोल फिरवली की एक थेंबही सांडत नाही तसे.

लूपमधून बाहेर, पुन्हा वळण, पुन्हा कातळ, आणि शेवटचा कॉर्कस्क्रू. चौथ्यांदा उलटे झालात. ब्रेक लागतात आणि गाडी गचकन थांबते. साखळी सुटल्यापासून मोजलं तर एक मिनिटही पुरतं झालं नसेल. चढासकट सगळा प्रवास एक मिनिट वीस सेकंदांचा, रूळ फक्त ७१६ मीटर. कुठेही सरळ, निवांत, वेळकाढू तुकडा नाही, कारण दरीत त्याला जागाच नव्हती. उतरताना आजूबाजूचे लोक विचित्र हसतायत, कुणी गप्प आहे, एकजण कठड्याला धरून पुन्हा त्या रुळाकडे बघतोय.

युरोपातला हा पहिला इन्व्हर्टेड कोस्टर. पण त्याचं खरं वेगळेपण त्याच साली, त्याच देशात बांधलेल्या दुसऱ्या कोस्टरशेजारी ठेवलं की उठून दिसतं. मे १९९४मध्ये ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्यावर बिग वन सुरू झाला. ६५ मीटर उंच, किनाऱ्यावरून कित्येक मैलांवरून दिसणारा. बिग वनने क्षितिज व्यापलं, नेमेसिस क्षितिजावर आलाच नाही. बिग वनबद्दल मला आदर आहे, पण उंचीचा विक्रम दुसऱ्या कुणाकडे जायला दोन-चार वर्षं पुरतात. खड्ड्यात बसवलेलं शिल्प मात्र कुणाला उचलून दुसरीकडे नेता येत नाही, आणि त्याची बरोबरी करायला तसाच खडक आणि तशीच अडचण लागते. ऑल्टनच्या अटीने जेवढं दिलं तेवढं मुक्त परवान्याने दिलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

आता अठ्ठावीस वर्षांची उडी घ्या. ६ नोव्हेंबर २०२२, रविवार. तीच दरी, पण झाडं मोठी झाली आहेत आणि पोलादावर काळाच्या खुणा आहेत. आज जुन्या रुळावरची शेवटची फेरी. १९९४च्या रांगेतली ती बडबडी पोरं आता पन्नाशीकडे झुकलीयत. काहीजण मुलांना घेऊन आलेत. पोलादाला आयुष्य असतं. तीन दशकं तोच दाब, तोच पीळ, दर फेरीला. डागडुजीने भागेना तेव्हा रूळच बदलायचा निर्णय झाला.

त्यानंतरच्या महिन्यांत आलात तर दरी उघडी दिसेल. क्रेन रुळाचे तुकडे एकेक करून उचलतायत. हा क्षण मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आता पार्कवाल्यांना हवं ते करता आलं असतं. तीस वर्षांत कोस्टरचं तंत्र कुठच्या कुठे गेलंय. नवा प्रकार आणता आला असता, कोलांट्या वाढवता आल्या असत्या. त्यांनी बॉलिगर अँड माबियारलाच पुन्हा बोलावलं आणि तीच वळणं, तोच क्रम मागितला. दुसरं काय करणार? दरी त्या वळणांच्या मापाने कोरलेली होती. आधी जमिनीने रुळाला आकार दिला होता, आता जुन्या रुळाचा साचा जमिनीत शिल्लक होता आणि नवा रूळ त्यात बसला.

१६ मार्च २०२४, पुन्हा शनिवार. नाव आता नेमेसिस रीबॉर्न. पांढरा रूळ जाऊन काळपट रूळ आलाय, त्यावर लाल शिरा रंगवल्यात. रांगेतले निम्मे लोक मोबाइलवर राइडचा व्हिडिओ पाहतायत. फाटकाशी उंचीची पट्टी आहे, १.४ मीटर. त्याखाली प्रवेश नाही. १९९४मध्ये पुढे बसला होतात, या वेळी शेवटची रांग मागा. पुढे बसलं की पाय आणि हवा यांच्यामध्ये काही नसतं, पण मागे बसलं की गाडीचा अख्खा भार तुम्हाला माथ्यावरून ओढून नेतो. पहिला कॉर्कस्क्रू अंगावर येतो तो मागेच, आणि शून्य-जी रोलचा झटकाही मागेच तीव्र लागतो. चष्मा खिशात घाला आणि चेन लावा. बूट घट्ट आहेत ना ते पुन्हा एकदा बघा.